जुळणी म्हणजे काय? तापणाऱ्या ॲम्प्लिफायरचा इतिहास

(भूम येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की हा रेडिओ दुरुस्तीचा वर्ग आहे. थोडासा तो आहेही. पण आम्हाला सांगायचा आहे तो इतिहास. प्रश्न अगदी साधा आहे. ॲम्प्लिफायर तापतो का, आणि त्याला कोणता स्पीकर लावला म्हणजे तो टिकतो? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत एकदा चक्क उलटं झालं. ते उलटं झालं तेव्हा गावोगावच्या लाऊडस्पीकरवाल्यांना कोणी येऊन सांगितलं नाही. त्यांनी ते जळालेल्या ट्रान्झिस्टरच्या खर्चातून शिकून घेतलं. लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी मशीन बंद पडलं, तर सुपारी घेणाऱ्याची फक्त मजुरी जात नाही, पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईकही जातं. म्हणून हा विषय नुसत्या हौसेचा नाही, पोटापाण्याचाही आहे.

धग कुठे जाते

भूम-कुंथलगिरीचा हा भाग खव्याच्या भट्ट्यांचा, म्हणून उदाहरण इथलंच घेऊ. भट्टीत घातलेल्या सगळ्या लाकडाची धग दुधाला लागत नाही. काही कढईला लागते, काही भिंतीला, काही भट्टीवाल्याच्या अंगाला. ॲम्प्लिफायरचं तसंच आहे.

आपण म्हणतो, ॲम्प्लिफायर आवाज वाढवतो. पण माइकमधून आलेला क्षीण प्रवाह तो फुगवत नाही. तो वीजपुरवठ्यातून येणारा मोठा प्रवाह, त्या क्षीण प्रवाहाची नक्कल करत, कमी-जास्त सोडतो. म्हणजे तो नळाची तोटी आहे. तोटी पूर्ण बंद असली तर काही वाहत नाही. पूर्ण उघडी असली तर काही अडत नाही. अर्धवट उघडी असली की पाण्याचा जोर तोटीतच अडतो. विजेच्या बाबतीत तो अडलेला जोर म्हणजे उष्णता. गाणं वाजताना तोटी सतत अर्धवटच असते. म्हणून तापणं हा मुळात दोष नाही. किती तापतो आणि ती उष्णता बाहेर पडते का, एवढेच दोन प्रश्न विचारायचे.

यामागचे दोन नियम खूप जुने आहेत. जॉर्ज ओमने १८२७ साली प्रवाह, दाब आणि रोध यांचं नातं मांडलं. जेम्स जूलने १८४१ साली दाखवलं की तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट केला तर तिच्यातली उष्णता चौपट होते. पुढे आपण जे काही बोलणार आहोत ते या दोन वाक्यांत आलं.

आणि स्पीकर? तो तर ॲम्प्लिफायरपेक्षाही उधळा. घरातल्या साध्या कागदी कोनच्या स्पीकरला शंभर वॅट दिले, तर त्यातला जेमतेम एखादा वॅट आवाज होऊन बाहेर पडतो. बाकी सगळे त्याच्या आतल्या तारेच्या गुंडाळीला तापवतात. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती मोठ्यानं वाजेल याचा आकडा नाही. तो किती उष्णता सोसेल याचा आकडा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

कर्ण्याचा काळ

पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली, तेव्हा वक्त्याचा घसा हाच ॲम्प्लिफायर होता. आपल्याकडे कीर्तनकार, शाहीर, तमाशातले सोंगाडे यांची आवाजफेक त्याच गरजेतून घडली. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, बस्स.

१९०६ साली ली द फॉरेस्टने ऑडिऑन नावाची काचेची नळी तयार केली. आपण जिला व्हॉल्व्ह म्हणतो, तिचा हा पूर्वज. डिसेंबर १९१५ मध्ये पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या जमावाला लाऊडस्पीकरवरून आवाज ऐकवला. १९२५ साली राइस आणि केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी आजच्या पद्धतीचा, हलत्या गुंडाळीचा स्पीकर मांडला. आज तुमच्या घरातला स्पीकर तत्त्वानं तोच आहे.

आपल्या देशात लाऊडस्पीकर लोकांना परिचित झाला तो राजकीय सभांमुळे. गांधीजी-नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रं पाहा, मायक्रोफोनवर ‘शिकागो’ हा शब्द दिसतो. ती कंपनी अमेरिकेची नव्हे, सिंधमधून मुंबईला आलेल्या मोटवानी कुटुंबाची, शिकागो रेडिओ. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, त्या खटल्याच्या आरोपींत नानिक मोटवानींचंही नाव होतं. पुढे दिल्लीच्या अहुजाची यंत्रं मंडपवाल्यांकडे आली आणि ‘अहुजा’ हा शब्द कित्येक गावांत ॲम्प्लिफायरसाठीच वापरला जाऊ लागला.

आपला हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं २० जून १९६० रोजी, आणि खेड्यापाड्यांत वीज पोचायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. तोवर लग्नातला लाऊडस्पीकर चालायचा मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात वाया जाणारा प्रत्येक वॅट मोजून घ्यावा लागतो, कारण तो परत भरायला तालुक्याला जावं लागतं.

इथे कर्णा का टिकला ते कळतं. कर्णा म्हणजे तो पत्र्याचा भोंगा. कानाला तो कर्कश लागतो, खालचे सूर त्यात येतच नाहीत. पण तो दिलेल्या विजेचा मोठा हिस्सा आवाजात बदलतो, कोनच्या स्पीकरच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त. तीस वॅटच्या मशीनवर दोन कर्णे झाडाला बांधले की शिवारापर्यंत गाणं जायचं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज मराठवाड्याच्या कित्येक वस्त्यांनी आधी कर्ण्यातून ऐकला. त्या काळी मशीन फार तापायचं नाही, याचं एक कारण हेच. थोड्या विजेत काम भागत होतं.

व्हॉल्व्हचा नियम

आता व्हॉल्व्हचा सेट उघडू. ठाण्याला मर्फीचा कारखाना होता, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये साठच्या दशकात व्हॉल्व्ह तयार होत होते. त्या काळचा एक लोकप्रिय व्हॉल्व्ह म्हणजे ईएल ८४. क्लास ए पद्धतीनं एकटा वापरला तर तो अडीचशे व्होल्टवर सतत सुमारे १२ वॅट घेतो. आतली वात तापवायला आणखी पावणेपाच वॅट लागतात. आणि आवाजासाठी देतो साडेपाच-पावणेसहा वॅट. गंमत अशी की गाणं बंद असलं तरी ते १२ वॅट चालूच असतात, तेव्हा तर सगळेच उष्णतेत जातात. म्हणून जुन्या रेडिओच्या पाठीमागच्या पुठ्ठ्याला भोकं असायची.

या व्हॉल्व्हला समोर सुमारे पाच हजार ओहमचा भार लागतो. स्पीकर असतो आठ ओहमचा. या दोघांची गाठ कशी घालायची? मध्ये ट्रान्सफॉर्मर ठेवायचा. पाच हजार भागिले आठ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५. एका बाजूला पंचवीस वेढे, दुसऱ्या बाजूला एक, या प्रमाणात तार गुंडाळली की व्हॉल्व्हला आठ ओहमचा स्पीकर पाच हजार ओहमचा भासतो. याला म्हणायचे मॅचिंग, जुळणी. मशीनच्या मागे ४, ८, १६ ओहम असे वेगवेगळे टॅप असत, आणि स्पीकर ज्या ओहमचा त्याच टॅपला लावायचा.

सभेच्या यंत्रावर त्याच पट्टीत आणखी एक टॅप असे, १०० व्होल्टचा. लांबच लांब तार ओढायची तर आठ ओहमनं भागत नाही, तारच अर्धा आवाज खाते. शंभर वॅट आठ ओहमला द्यायचे तर साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो, १०० व्होल्टवर तेच काम एका अँपिअरमध्ये होतं. म्हणून प्रत्येक कर्ण्याच्या बुडाशी छोटा ट्रान्सफॉर्मर. इथे ओहम मोजायचेच नाहीत, फक्त वॅटची बेरीज करायची. दहा-दहा वॅटचे दहा कर्णे म्हणजे शंभर वॅट. मशीन शंभरचं असेल तर ठीक, अकरावा कर्णा लावायचा नाही. हा हिशेब शाळेत न गेलेला माणूसही बिनचूक करायचा.

व्हॉल्व्हच्या काळातला मुख्य धाक वेगळाच होता: स्पीकरची तार सुटलेली असताना मशीन चालू ठेवू नका. भारच नसला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब इतका चढतो की आतून ठिणगी पडते आणि तो कायमचा जातो. उलट तारा चुकून एकमेकांना चिकटल्या तर व्हॉल्व्ह बऱ्याचदा तग धरायचा. उस्तादाकडून शागिर्दाला मिळालेला नियम हा होता.

नियम उलटला

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, त्यांची उष्णता सोसण्याची हद्द साधारण नव्वद अंशांच्या आसपास. मग सिलिकॉन आलं. साठच्या दशकात अमेरिकेतल्या आरसीएनं २एन३०५५ नावाचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. दोन पायांचा, पोलादी टोपीचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात पासोड्या विठोबापाशी तो पुढे कित्येक वर्षं डझनावारी विकला गेला. नुसतं ‘तीन हजार पंचावन्न’ म्हटलं तरी दुकानदाराला कळायचं.

त्याच्या कागदावर लिहिलंय ११५ वॅट. पण त्याच ओळीत एक अट आहे: टोपीचं तापमान २५ अंश असेल तर. टोपी शंभर अंशांवर गेली की हा आकडा सुमारे ६६ वर येतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या पंख्यासारख्या पट्ट्या, हीट सिंक. मध्ये अभ्रकाची पातळ चकती आणि पांढरी पेस्ट. चकती वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते. दुरुस्तीत पेस्ट लावायची राहिली, तर भारी ट्रान्झिस्टर घालूनही मशीन पुन्हा जळतं. दोष मालाचा नसतो, मधल्या हवेच्या पातळ थराचा असतो.

आणखी एक खोड ट्रान्झिस्टरमध्ये आहे. तो तापला की जास्त प्रवाह सोडतो, जास्त प्रवाहानं आणखी तापतो. हे चक्र थांबवायला एक छोटा डायोड किंवा ट्रान्झिस्टर त्याच हीट सिंकला चिकटवून ठेवतात. तो उष्णता ‘पाहतो’ आणि प्रवाह खाली ओढतो. जुनं मशीन उघडून पुन्हा बसवताना हा छोटा तुकडा लोंबकळत राहिला, की मशीन मोकळं असतानाही तापायला लागतं.

पण सगळ्यात मोठा बदल जुळणीत झाला. ट्रान्झिस्टरला हजारो ओहमचा भार लागत नाही, तो आठ ओहमच्या स्पीकरला थेट प्रवाह देऊ शकतो. मधला ट्रान्सफॉर्मर गेला. मशीन हलकं झालं, स्वस्त झालं. आणि नियम उलटला. आता स्पीकर सुटला तर काही बिघडत नाही. तारा चिकटल्या तर मात्र क्षणात ट्रान्झिस्टर जातो. जुन्या सवयीचा माणूस सुटलेल्या तारेला घाबरायचा आणि चिकटलेल्या तारेकडे दुर्लक्ष करायचा. नव्या यंत्रावर त्याला नेमकं याच्या उलट वागायला हवं होतं.

मॅचिंग हा शब्द तेवढा जुन्या काळातून उरला. त्यामुळे आजही अनेकांना वाटतं की मशीन आणि स्पीकर दोघांचा आकडा सारखा हवा. तसं नाही. ट्रान्झिस्टरच्या मशीनचा स्वतःचा रोध ओहमच्या अगदी छोट्या अंशाइतका असतो. मागे ‘४–८ ओहम’ लिहिलं असेल तर अर्थ एवढाच: चारच्या खाली जाऊ नका. सोळाचा स्पीकर लावला तर आवाज कमी येईल, पण मशीन गारच राहील.

बॉक्स आले, उष्णता आली

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि स्टिरिओ हा शब्द गावात पोचला. तशी स्टिरिओची कल्पना जुनी, इंग्लंडच्या ॲलन ब्लूमलाइनने १९३१ सालीच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण आपल्याकडे स्टिरिओ म्हणजे दोन बॉक्स आणि पोटात घुमणारा बेस. इथे एक मोठा फरक पडला. कर्णा गेला आणि कोनचा वुफर आला. कानाला गोड, पण विजेचा उधळा. तेवढाच आवाज हवा तर दहापट वॅट हवेत. तीस वॅटवर भागणारा मांडव आता तीनशे मागू लागला. हीट सिंक मोठे झाले, मागे पंखे बसले.

आता हिशेब पाहा. समजा तुमचं मशीन स्पीकरच्या तारेवर २० व्होल्ट देतं. आठ ओहमचा एक बॉक्स लावला: अडीच अँपिअर, ५० वॅट. गर्दी वाढली म्हणून त्याच तारेवर शेजारी दुसरा बॉक्स जोडला. आठ आणि आठ सोळा होत नाहीत, शेजारी-शेजारी जोडले की चार होतात. आता पाच अँपिअर, १०० वॅट. आणखी दोन जोडले की दोन ओहम: दहा अँपिअर, २०० वॅट. ट्रान्झिस्टरवरची उष्णता प्रत्येक पायरीला साधारण दुप्पट, आणि तारांतली, जोडांतली चौपट. चार बॉक्सच वाजवायचे असतील तर दोन-दोन एकामागे एक जोडा, म्हणजे सोळा आणि सोळा, आणि त्या दोन जोड्या शेजारी-शेजारी. परत आठ ओहम. आवाज चौघांत वाटला जातो, मशीन वाचतं.

शिवाय ‘आठ ओहम’ हा स्पीकरचा ठोकळ आकडा आहे. मीटर लावला तर सहाच्या आसपास दाखवतो. वाजताना काही सुरांना तो आणखी वर जातो, काहींना खाली येतो.

जुना टॅप आणि नवा बॉक्स यांची गाठ पडली की काय होतं तेही पाहा. अहुजाच्या १०० व्होल्टच्या टॅपला थेट आठ ओहमचा बॉक्स लावला, तर तो बॉक्स मागतो साडेबाराशे वॅट. शंभर वॅटच्या मशीननं ते आणायचे कुठून?

दुसरी एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. मशीन सगळ्यात जास्त तापतं ते पूर्ण आवाजावर नाही. नेहमीच्या क्लास बीच्या हिशेबानं, पूर्ण ताकदीच्या साधारण चाळीस टक्क्यांवर ट्रान्झिस्टर सर्वाधिक तापतात. पन्नास वॅटचं मशीन वीस वॅट देत असतं तेव्हा जवळपास वीस वॅट आतही जळत असतात. तोटी अर्धवट उघडी, दुसरं काही नाही.

मग आल्या आयसी. ४४४० हा आकडा इथल्या कोणत्याही मेकॅनिकला विचारा. सान्योची ही एलए ४४४०, मोटारीतल्या टेपसाठी घडवलेली. १३.२ व्होल्टवर सहा-सहा वॅटचे दोन चॅनेल, किंवा दोन्ही एकत्र जोडून १९ वॅट. स्वस्त म्हणून ती घरोघरच्या लाकडी डब्यांत गेली, बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर. तिची वापराची हद्द १८ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरचे बारा व्होल्ट डीसी झाले की साडेपंधरा-सोळा होतात. भारनियमन संपून लाईट आली आणि २३० चे २६० झाले, की हेच जवळपास अठराला टेकतात. मराठवाड्यात ही आयसी का इतकी बदलावी लागली, याचं एक कारण घराच्या मीटरपलीकडे होतं. एकत्र जोडलेल्या अवस्थेत आणखी एक मेख आहे: चार ओहमचा स्पीकर तिच्या प्रत्येक अर्ध्याला दोनचाच दिसतो. त्यावर दुसरा स्पीकर जोडायला जागाच नाही.

आणि आपलं हवामान. हीट सिंक काही थंडी निर्माण करत नाही, ते आपल्यातली उष्णता फक्त भोवतालच्या हवेला देतं. एका वॅटला एक अंश चढणारं हीट सिंक घ्या. चाळीस वॅट उष्णता असेल तर माघात, २० अंशांच्या हवेत, ते ६० वर थांबेल. वैशाखातल्या लग्नसराईत, ४२ अंशांच्या दुपारी, तेच ८२ वर जाईल. हिवाळ्यात चाललेलं मशीन उन्हाळ्यात जातं, आणि लग्नं तर उन्हाळ्यातच असतात.

पुढे मिरवणुकीतल्या भिंती आल्या. त्यांना आपण डॉल्बी म्हणतो. रे डॉल्बीने १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. त्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ती भिंत कुठल्या आकड्यावर वाजते हे तुम्ही जाणता. आजची नवी यंत्रं क्लास डीची आहेत. त्यांची तोटी एक तर पूर्ण उघडी, नाही तर पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा. त्यामुळे ती फार कमी तापतात. पण चार ओहमच्या खाली जाऊ नका, हे त्यांच्याही पाठीवर लिहिलेलं असतं.

चिठ्ठ्यांवर आलेले प्रश्न

*स्पीकरचे वॅट मशीनपेक्षा जास्त हवेत की कमी?* थोडे जास्त बरे. पण छोट्या मशीनवर मोठा स्पीकर आहे म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवू नका. मशीनची हद्द संपली की आवाजाच्या लाटेचे माथे कापले जातात. पूर्ण कापलेली चौकोनी लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट वीज वाहते. पहिला बळी ट्विटरचा जातो. आवाज फाटला की बटण मागे घ्या.

*हात लावून कळेल का?* कळेल. साठ अंशांच्या आसपास हात दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त ठेववत नाही. हात टिकत असेल तर काळजी नाही. गाणं बंद असतानाही हात टिकत नसेल, तर दुरुस्तीला न्या.

*घरच्या सेटवर विणलेला रुमाल घातला तर चालेल?* सेट बंद असताना घाला. चालू करताना काढा. पट्ट्या उभ्या राहतील असा ठेवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. वर्षातून एकदा धूळ झटका.

*दुरुस्त केलेलं मशीन पहिल्यांदा कसं चालू करावं?* याचं उत्तर आम्ही कुठल्या पुस्तकातून देत नाही. ते आपल्याच दुकानांत रोज दिसतं. शंभर वॅटचा तारेचा बल्ब मशीनच्या आधी, एकामागे एक असा जोडायचा. त्याला सिरीज म्हणतात. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर मशीन ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी तारा चिकटल्यासारखी अवस्था आहे. वीज लगेच बंद करायची. उष्णता ट्रान्झिस्टरमध्ये न होता बल्बमध्ये होते, आणि दीडशे-दोनशे रुपयांचा माल वाचतो. ट्रान्झिस्टर आल्यावर नियम उलटला हे ज्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःसाठी केलेली ही सोय आहे. एलईडी आल्यापासून तो जुना पिवळा बल्ब दुकानात सहज मिळत नाही. ज्यांच्याकडे एखादा आहे, त्यांनी तो जपून ठेवावा.